प्रत्येक मोड मूळव्याधीचा नसतो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एचपीव्ही विषाणू आणि त्याच्यावरची लस यांबद्दल मराठी वर्तमानपत्रांत हल्ली बरेच छापून येते, आणि ते चांगलेच आहे. पण वाचणाऱ्याचा समज असा होतो की हा विषाणू बायकांचा, आणि तोही फक्त गर्भाशयमुखाचा. तोच विषाणू गुदद्वाराच्या आत-बाहेर चामखिळी उठवतो आणि गुदद्वाराच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या मुळाशी तोच असतो, हे पुण्यातल्या शिकल्यासवरल्या घरांतही फारसे कोणाला माहीत नसते. त्वचा व गुप्तरोग, शल्यचिकित्सा आणि स्त्रीरोग या विभागांत काम करणारे आम्ही काही डॉक्टर आणि समुपदेशक मिळून हे पत्र लिहीत आहोत. आमचे म्हणणे एकच आहे. शौचाच्या जागी काही हाताला लागले, रक्त दिसले, खाज थांबेना, तर ती जागा डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि बोटाने तपासल्याशिवाय त्याला मूळव्याध म्हणू नये. रुग्णाने म्हणू नये आणि डॉक्टरांनीही म्हणू नये.

आज बहुतेक वेळा घडते ते असे. माणूस लाजेने कोणाला दाखवत नाही. औषधाच्या दुकानात जाऊन 'मूळव्याधीची ट्यूब' मागतो. या ट्यूबांपैकी काहींत, आणि खाजेसाठी हातोहात खपणाऱ्या मिश्र मलमांत तर हमखास, स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत बसते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते, आणि विषाणूच्या चामखिळी आणखी पसरतात. काही जण घरगुती उपाय करतात. हातापायावरच्या चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, बिब्ब्याचा चटका देणे, चुना आणि सोडा लावणे हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. गुदद्वाराची त्वचा पातळ आणि कायम ओलसर असते. तिथे बिब्बा किंवा चुना लावला की खोल भाजते, जखम चिघळते, पुढे जागा आक्रसून शौचालाच अडचण होते. पायाच्या कुरुपावर लावायचे सॅलिसिलिक ॲसिडचे औषधही तिथे चालत नाही. आणि मग रस्त्याकडेचे 'विनाऑपरेशन मूळव्याध-भगंदर' असे फलक असतातच. तिथे कोणते रसायन टोचतात ते रुग्णाला कळत नाही आणि कापून काढलेला तुकडा तपासणीला जात नाही.

खरी तपासणी पाच मिनिटांची आहे. लागते काय, तर एक चांगला दिवा, हातमोजे, लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणारी जेली आणि प्रॉक्टोस्कोप, म्हणजे आत पाहायची आखूड नळी. रुग्णाने डाव्या कुशीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे. स्त्री रुग्ण असेल तर खोलीत दुसरी स्त्री हजर हवी, पडदा हवा, आणि काय करणार आहोत हे आधी सांगायला हवे. आधी दोन्ही बाजू हलकेच फाकवून नुसते पाहायचे, मग रुग्णाला कुंथायला सांगून पुन्हा पाहायचे. नंतर जेली लावलेले बोट गुदद्वारावर क्षणभर टेकवून ठेवायचे, स्नायू सैल पडले की मगच आत न्यायचे आणि पूर्ण गोल फिरवायचे. बोटाला शोधायचे असते ते कडकपण, गाठ, खरखरीत चट्टा, आणि दाबल्यावर एका ठरावीक जागी होणारे दुखणे. त्यानंतर प्रॉक्टोस्कोप, आणि शेवटी जांघेतल्या गाठी. ही तपासणी मुळीच दुखत नाही असे सांगणे खोटे ठरेल. फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, असेल तर बोट घालू देणेही अशक्य होते. तेव्हा जबरदस्ती न करता फिशरचे औषध द्यावे, दोनेक आठवड्यांनी परत बोलावावे, आणि तरीही जमले नाही तर भूल देऊन तपासावे. राहून गेलेली तपासणी पुढच्या भेटीत विसरली जाऊ नये म्हणून केसपेपरवर 'बोटाने तपासणी बाकी' असे स्पष्ट लिहून ठेवावे.

दिसते त्यातला फरक अनुभवी नजरेला बहुधा चटकन कळतो. मूळव्याधीचा मोड मऊ, लालसर-निळसर, कुंथल्यावर बाहेर येणारा आणि बहुधा आत जाणारा असतो. जुन्या फिशरच्या टोकाला कातडीचा एक लोंबता, गुळगुळीत तुकडा असतो. विषाणूच्या चामखिळी बहुधा एकीपेक्षा जास्त असतात. त्या खरखरीत, कातडीच्या रंगाच्या किंवा करड्या असतात, वाढल्या की फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या दिसतात, आणि आत ढकलल्या तरी जात नाहीत. चपट्या, ओलसर, रुंद बुडाच्या उठावांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. ते दुसऱ्या टप्प्यातल्या सिफिलिसचे असू शकतात, आणि तो आजार चामखीळ समजून जाळायचा नसतो, बेन्झाथिन पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा करायचा असतो. म्हणून गुदद्वारावर चामखिळी असलेल्या प्रत्येकाची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, आणि एचआयव्ही चाचणी संमतीने व्हायलाच हवी. कडक, न हलणारी, कडा उचललेली जखम दिसली तर मलम लिहून देण्यात एक दिवसही घालवू नये, तुकडा काढून तपासायला पाठवावा. एकाच माणसाला मूळव्याधही असू शकते आणि चामखिळीही. एक सापडली म्हणून दुसरी शोधायची थांबू नये.

आता विषाणूबद्दल थोडे. एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत, त्यांपैकी ४० च्या आसपास जननेंद्रिये आणि गुदद्वाराच्या भागात वस्ती करतात. चामखिळी करणारे बहुतांशी ६ आणि ११ क्रमांकाचे, आणि त्यांच्यापासून कर्करोग क्वचितच होतो. गुदद्वाराच्या कर्करोगात सर्वांत जास्त सापडतो तो १६ क्रमांकाचा, आणि तो चामखीळ न उठवता गुपचूप राहतो. त्यामुळे 'चामखीळ आली म्हणजे कॅन्सर होणार' हे जसे चूक, तसे 'चामखीळ नाही म्हणजे बाधा नाही' हेही चूक. एका माणसात दोन्ही प्रकार एकत्र असू शकतात, विशेषतः एचआयव्ही असेल तर.

हा विषाणू कातडीला कातडी लागून पसरतो. गुदमैथुन हा त्याचा सर्वांत मोठा मार्ग, पण एकमेव नव्हे. बोटांनी किंवा साधनांनी तो एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. स्त्रियांत योनीमार्ग आणि गर्भाशयमुखातली बाधा शेजारच्या गुदद्वारापर्यंत पोहोचते, आणि ज्यांनी कधी गुदमैथुन केलेला नाही अशा स्त्रियांतही ती सापडते. अमेरिका आणि युरोपात तर गुदद्वाराचा कर्करोग पुरुषांपेक्षा स्त्रियांतच जास्त आढळतो. कंडोमने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण कंडोम झाकत नाही ती कातडीही बाधित असते. एचआयव्हीची औषधे नियमित घेऊन विषाणूभार शून्यवत झालेला असला किंवा एचआयव्ही टाळण्यासाठी आधीच गोळ्या चालू असल्या, तरी त्याने एचपीव्हीपासून संरक्षण मिळत नाही. सार्वजनिक शौचालयाच्या भांड्यावरून ही लागण होते अशी भीती पुष्कळांना असते. तिला आधार नाही.

बाधा झाल्यावर बहुतेकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत विषाणूला आपोआप दाबते. उरलेल्या थोड्यांत तो ठाण मांडतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांत हे जास्त होते. चामखीळ उगवायला साधारण तीन आठवड्यांपासून आठ महिने लागतात, कधी कधी वर्षेही. ही गोष्ट नवरा-बायकोच्या संसारासाठी फार महत्त्वाची आहे. आज एकाला चामखीळ दिसली यावरून कोणी, कधी आणि कोणाकडून ती आणली हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. या आजाराच्या नावाने घटस्फोटाची भाषा सुरू होते, तेव्हा ती विज्ञानाच्या आधाराने होत नसते हे आम्हाला ठामपणे सांगायचे आहे. जोडीदाराला दोष देण्याऐवजी त्याने किंवा तिने तपासून घ्यावे, आणि स्त्री असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, एवढेच पुरे. या विषाणूची उपयोगी पडेल अशी रक्तचाचणी नाही. तशी चाचणी कोणी 'पॅकेज'मध्ये विकत असेल तर पैसे घालवू नका. पोटात घेऊन विषाणू नाहीसा करील असे औषधही नाही. उपचार असतो तो विषाणूने केलेल्या बिघाडावर.

चामखिळींच्या उपचाराबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. बाहेरच्या थोड्या, लहान चामखिळींसाठी ५ टक्के इमिक्विमॉड क्रीम घरी लावता येते. आठवड्यातून तीन रात्री, एकाआड एक, म्हणजे समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार. पातळ थर चोळून जिरवायचा, ६ ते १० तासांनी साबणाने धुऊन टाकायचा, जास्तीत जास्त १६ आठवडे. लाली आणि थोडी जळजळ होणारच, ती औषध काम करत असल्याची खूण आहे. पण कातडी सोलून ओली जखम झाली तर काही दिवस थांबून मग पुन्हा सुरू करावे. रोज लावले म्हणजे लवकर बरे होईल, या समजुतीने भाजून घेणारे पुष्कळ असतात. हे क्रीम आतल्या नळीत घालायचे नाही. त्याने कंडोमचे रबरही कमजोर होऊ शकते, म्हणून ते अंगावर असताना संबंध टाळावा. दुसरे औषध ०.५ टक्के पोडोफायलोटॉक्सिन. ते दिवसातून दोनदा असे तीन दिवस लावायचे, मग चार दिवस सुट्टी. असे चार वेळा करता येते. एकूण जागा १० चौरस सेंटिमीटरच्या आत हवी आणि दिवसाला अर्ध्या मिलिलीटरपेक्षा जास्त औषध नको. गरोदरपणात ते वर्ज्य. शिवाय गुदद्वारापाशी स्वतःच्या हाताने नेमक्या जागी लावणे कठीण जाते, म्हणून तिथे आम्ही ते कमीच लिहून देतो. जुन्या पद्धतीचे, बाटलीतले तपकिरी पोडोफायलिन मात्र आता सोडून द्यावे. त्याची ताकद बाटलीगणिक बदलते आणि ते अंगात भिनून विषबाधा होऊ शकते.

दवाखान्यात करायच्या उपचारांत ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड ८० ते ९० टक्के हे स्वस्त आणि गरोदरपणातही चालणारे औषध आहे. ते काडीच्या टोकावर अगदी टिपूसभर घेऊन फक्त चामखिळीवर टेकवायचे. जागा पांढरी पडली की थांबायचे, आणि वाळेपर्यंत रुग्णाने हलायचे नाही. पाण्यासारखे पातळ असल्याने ते चांगल्या कातडीवर ओघळते. म्हणून आजूबाजूला व्हॅसलिन लावून ठेवावे आणि ओघळलेच तर खायचा सोडा किंवा साबणाचे पाणी लगेच लावावे. हेच काम द्रव नायट्रोजनने गोठवूनही होते, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने. चामखिळी मोठ्या, पुष्कळ किंवा आतल्या नळीत असतील तर भूल देऊन कात्री, विद्युत कॉटरी, रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा लेझरने काढाव्या लागतात. यांत साधन कोणते यापेक्षा हात कोणाचा हे महत्त्वाचे. चामखीळ कातडीच्या वरच्या थरातच असते. त्याखाली खोल जाळले तर नुसता व्रण राहतो आणि स्नायूला इजा होते. गोलाकार सगळीकडे एकाच बैठकीत जाळले तर जखम भरताना गुदद्वार आकुंचन पावते. मध्ये मध्ये चांगल्या कातडीच्या पट्ट्या शाबूत ठेवाव्यात, आणि गरज पडली तर दोन बैठकींत काम करावे. जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचे अंश असतात. धूर ओढून घेणारे सक्शन जखमेच्या अगदी जवळ धरावे आणि खोलीतल्या सर्वांनी एन-९५ मास्क लावावा. हा विषाणू स्पिरिटने मरत नाही. प्रॉक्टोस्कोप नुसता पुसून दुसऱ्या रुग्णाला वापरणे हा गुन्हा समजावा; तो ऑटोक्लेव्ह करावा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करावा, नाहीतर एकदा वापरून फेकायचा घ्यावा.

'काढल्या तरी पुन्हा आल्या' ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. तिची कारणे ठरलेली असतात. बाहेरच्या काढल्या आणि आत पाहिलेच नाही, हे पहिले. आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीत विषाणू असतोच, हे दुसरे, आणि त्यात कोणाचाच दोष नसतो. बहुतेक पुनरागमन पहिल्या तीन महिन्यांत होते. त्या काळात महिन्यातून एकदा दाखवले तर नवी आलेली राईएवढी चामखीळ ॲसिडच्या एका टिपक्याने जाते. सहा महिन्यांनी आले तर पुन्हा भूल द्यावी लागते. शस्त्रक्रियेनंतर कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसावे, इसबगोल आणि भरपूर पाण्याने शौच मऊ ठेवावे, शौचानंतर पाण्याने धुऊन जागा टिपून कोरडी करावी. आणि काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये घालून तपासायला पाठवाच, विशेषतः रुग्णाला एचआयव्ही असेल, चामखीळ काळपट, कडक, रक्ताळणारी असेल किंवा उपचाराला दाद देत नसेल तेव्हा. हाच नियम मूळव्याध म्हणून कापलेल्या तुकड्यालाही लावावा. त्या एका तपासणीचे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

कर्करोगाच्या आधीचा टप्पा साध्या डोळ्यांना दिसत नाही. गुदद्वाराच्या नळीत बाहेरची कातडीसारखी त्वचा आणि आतले आतड्याचे अस्तर जिथे मिळतात, त्या पट्ट्यात १६ क्रमांकासारखे विषाणू पेशी बिघडवतात. गर्भाशयमुखावर होते तेच इथे होते. तीव्र बिघाड झालेल्या सगळ्यांना कर्करोग होत नाही, बहुतेकांना होतच नाही. पण वेळीच जाळला तर फायदा होतो का, हा प्रश्न बरीच वर्षे अनिर्णित होता. त्याचे उत्तर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अँकर या मोठ्या चाचणीने दिले. एचआयव्ही असलेल्या, ३५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या ४,४०० हून अधिक लोकांत, बिघाडावर उपचार केलेल्या गटात कर्करोगाचे प्रमाण नुसते लक्ष ठेवलेल्या गटापेक्षा ५७ टक्क्यांनी कमी निघाले.

तपासून कोणी घ्यावे? सगळ्यांनी नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि पारलिंगी स्त्रिया यांना एचआयव्ही असेल तर ३५ व्या वर्षापासून, नसेल तर ४५ व्या वर्षापासून. एचआयव्ही असलेल्या इतर स्त्री-पुरुषांना ४५ पासून. योनीच्या बाह्यभागाचा कर्करोग किंवा त्याआधीचा तीव्र बिघाड झालेल्या स्त्रियांना त्या निदानापासून वर्षभरात. आणि मूत्रपिंड किंवा यकृतासारख्या अवयवाचे प्रत्यारोपण झालेल्यांना दहा वर्षांनंतर. गर्भाशयमुखाचा तीव्र बिघाड झालेल्या स्त्रियांनी ४५ नंतर आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

चाचणी गर्भाशयमुखाच्या पॅपसारखीच, म्हणजे पेशी पुसून घेऊन तपासायची. पॉलिएस्टरचा स्वॅब नळाच्या पाण्याने ओला करून सुमारे ५ सेंटिमीटर आत न्यायचा आणि भिंतींना टेकवून गोल फिरवत हळूहळू, किमान अर्धा मिनिट घेऊन बाहेर काढायचा, मग द्रवाच्या बाटलीत घुसळायचा. स्वॅबच्या आधी जेली लावायची नाही, नाहीतर नमुना बिघडतो. म्हणून स्वॅब आधी आणि बोट नंतर. आदल्या २४ तासांत एनिमा किंवा गुदमैथुन नको. दोष निघाला तर कोल्पोस्कोपसारख्या दुर्बिणीतून, ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा बोळा मिनिट-दोन मिनिटे ठेवून, मग ल्युगॉल आयोडिन लावून संशयित जागेचा तुकडा घ्यायचा. इथे पुण्याची अडचण येते. कोल्पोस्कोप शहरातल्या कितीतरी स्त्रीरोग विभागांत आहेत, पण तेच यंत्र गुदद्वारासाठी वापरायला शिकलेले हात फार थोडे. पुढची तपासणी करणारा कोणी नसताना नुसते स्वॅब घेत सुटलो तर माणसाच्या हातात फक्त भीतीचा कागद पडतो. आम्हाला म्हणूनच वाटते की सुरुवात बोटापासून करावी. एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, हजारो रुग्ण ठरलेल्या तारखेला गोळ्या घ्यायला येतात. तिथे वर्षातून एकदा गुदद्वाराची बोटाने तपासणी ठेवली, आणि स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी होते त्याच बैठकीत हीही केली, तर जास्तीचा खर्च हातमोज्यांच्या जोडीचा. वैद्यकीय महाविद्यालयांनी दरम्यान निदान दोन-दोन डॉक्टर दुर्बिणीच्या तपासणीसाठी शिकवून तयार करावेत.

कर्करोग झालाच तरी तो पुष्कळदा बरा होतो, आणि पोटावर कायमची पिशवी न लावता. १९७४ मध्ये नॉर्मन निग्रो या अमेरिकन शल्यविशारदाने दाखवून दिले की किरणोपचार आणि औषधे एकत्र दिली तर ही गाठ विरघळते. आजही तोच मुख्य उपचार आहे: सुमारे साडेपाच आठवडे किरणोपचार आणि सोबत मायटोमायसिन व ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिन. मोठी शस्त्रक्रिया मागाहून, गाठ उरली किंवा उलटली तरच. गाठ उपचार संपल्यावरही विरत राहते. २६ आठवड्यांपर्यंत वाट पाहावी, घाईने कापू नये. तुकड्याचा अहवाल येण्याआधी कोणी थेट मोठ्या ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचे मत जरूर घ्या. मूल हवे असेल तर वीर्य किंवा बीजांड साठवण्याबद्दल किरणोपचार सुरू होण्याआधी बोलावे लागते, नंतर नाही.

आता लस. पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर आहे. २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली, जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली, आणि ती मुलींप्रमाणे मुलग्यांनाही, ९ ते २६ वयात, देता येते. ही ओळ आम्हाला ठळक अक्षरांत छापावीशी वाटते. आपल्या शहरात तयार होणारी लस आपल्याच शहरातल्या मुलग्यांच्या आईबापांना माहीत नाही. ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ पासून तीन डोस, पहिल्यानंतर दोन आणि सहा महिन्यांनी. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर वय कितीही असो, तीनच. डिसेंबर २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक डोसही पुरेसा मानते, आणि त्यामागचा एक मोठा पुरावा भारतातल्या, २००९ मध्ये सुरू झालेल्या ज्या अभ्यासातून आला त्याची केंद्रे पुणे आणि बार्शीतही होती. लस दंडात टोचतात. काहींना घेरी येते म्हणून नंतर पंधरा मिनिटे बसून राहावे.

लसीने गुदद्वाराचा बिघाड टळतो हेही तपासलेले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या तरुणांत, ज्यांना त्या प्रकारांची बाधा आधी झालेली नव्हती त्यांच्यात लसीने हा बिघाड सुमारे ७८ टक्क्यांनी घटला. आधी बाधा झालेलेही धरले तर आकडा सुमारे ५० वर येतो. लस कोवळ्या वयात, संबंध सुरू होण्याच्या आधी का द्यायची ते या दोन आकड्यांतून कळते. असलेली चामखीळ लसीने जात नाही, आणि उपचारानंतर लस घेतली की ती परत येत नाही असे सांगून कोणी महाग डोस खपवत असेल तर त्याला पुराव्याचा आधार नाही. पण एका प्रकाराची बाधा झालेल्या तरुणाला उरलेल्या प्रकारांपासून संरक्षण मिळते, म्हणून २६ च्या आतल्यांनी 'आता काय उपयोग' म्हणून लस टाळू नये.

लहान मुलाच्या गुदद्वारापाशी चामखीळ दिसली तर घाबरून आरडाओरडा करू नये आणि दुर्लक्षही करू नये. जन्माच्या वेळी आईकडून किंवा घरच्यांच्या हातांवरच्या चामखिळींतून ती येऊ शकते. लैंगिक अत्याचाराची शक्यताही तपासलीच पाहिजे, आणि तसा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे डॉक्टरला बंधनकारक आहे. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडेच न्यावे.

डॉक्टर मित्रांना एक विनंती. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी दवाखान्यात येऊनही खरे सांगत नाहीत, कारण पुढे ऐकावे लागणारे प्रवचन त्यांना ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सज्ञानांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले. 'गुदमैथुन होतो का' हा प्रश्न विवाहित जोडप्यांसह सर्वांना, रक्तदाब विचारावा तितक्याच सहज आवाजात विचारावा. उत्तर ऐकून चेहरा बदलला तर तो रुग्ण पुन्हा येत नाही.

कुठे जायचे हे वाचकांना हवे असेल. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये गुप्तरोगांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. ससून रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागातही दाखवता येते. १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा निःशुल्क दूरध्वनी आहे, त्यावर नाव न सांगता विचारता येते. केसपेपर काढताना खिडकीवर 'त्वचाविभाग' एवढेच सांगितले तरी चालते, बाकीचे आत गेल्यावर बोला. आणि डॉक्टरांनी न तपासताच चिठ्ठी लिहायला घेतली तर 'एकदा तपासून पाहता का' असे विचारायला संकोच करू नका.

आपले,
पुण्यातील काही डॉक्टर व समुपदेशक